रिस्पाचा खडक

मोशीतल्या त्या नव्या बिल्डिंगमध्ये लिफ्टचं दार मिटत आलं होतं आणि सुवार्तानं घाईनं फटीत हात घातला. दार बोटांना टेकलं न टेकलं तोच मागे सरकलं. आत एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन उभी होती, ती म्हणाली, "या ना काकू." सुवार्ता आत गेली नाही. दार पुन्हा मिटू लागलं, तिनं पुन्हा हात घातला, दार पुन्हा गुमान मागे गेलं. तिसऱ्यांदा तिनं नुसती करंगळी पुढे केली. करंगळीलाही ते दबकलं. "काकू, यायचंय का तुम्हाला?" बाईचा आवाज आता जरा बदलला होता. "नाही, तुम्ही जा," सुवार्ता म्हणाली, आणि लिफ्ट वर निघून गेल्यावरही ती आपल्या हाताकडे बघत तशीच उभी राहिली. भाजीच्या पिशव्या आणि शाळेची दप्तरं वरखाली करणारं हे एवढंसं यंत्र, त्याला माणसाचा हात कळतो. चाकणच्या कारखान्यातल्या प्रेसलाही कळत होता. पत्रा दाबून मोटारींचे भाग काढणारं, दोन मजली उंचीचं मशीन. त्याच्या तोंडाशी न दिसणाऱ्या उजेडाची जाळी असायची, आणि त्या जाळीत बोट जरी गेलं तरी मशीन जागच्या जागी थांबायचं. हे तिला अजिंक्यनंच सांगितलं होतं, नोकरी लागल्याच्या पहिल्या आठवड्यात, जेवता जेवता, हातातली पोळी प्रेससारखी खालीवर करून. "आई, त्याला डोळे असतात." मग नऊ महिन्यांपूर्वीच्या त्या मंगळवारी ते डोळे कुठे होते? पाच मजले ती जिन्यानं चढली. दर मजल्यावर धाप लागत होती आणि दर मजल्यावर तिच्या तोंडात तेच एक नाव येत होतं. दादासाहेब गोर्डे.

पाचव्या मजल्यावर पाळकसाहेबांच्या घरी महिला मंडळाची बैठक होती. दहाबारा बायका, सतरंजी, मध्ये बायबलं आणि सामोशांचं ताट. पाळकसाहेबांच्या पत्नी मोनिका मॅडम यांनी प्रार्थना झाल्या झाल्या विषय काढला. "मातृदिनाच्या उपासनेत या वर्षी संदेश सिस्टरांनी द्यायचा." सुवार्ता सव्वीस वर्षं महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती, त्यामुळे मंडळीत तिला सगळे सिस्टरच म्हणत. "विषयही आम्ही ठरवलाय. हन्नाच्या विश्वासातून आजच्या ख्रिस्ती मातांसाठी धडे. मागणं, मिळणं, आणि देवाला परत देणं. तीनच मुद्दे, सिस्टर. पंधरा मिनिटं." शेवटचा मुद्दा सांगताना मॅडमचा आवाज मऊ झाला, आणि खोलीतल्या सगळ्या बायका एकदम आपापल्या पदराकडे बघायला लागल्या. मग शेजारी बसलेल्या इंदुताईंनी सुवार्ताच्या गुडघ्यावर हात ठेवला. "हन्ना सिस्टरांपेक्षा कुणाला जास्त कळणार?" इंदुताई म्हणजे दादासाहेब गोर्डेंची बायको. सुवार्तानं त्या हाताकडे पाहिलं. गोरा, गुबगुबीत, नखं नीट कापलेली. नऊ महिने ती असल्या प्रसंगी काहीतरी कारण काढून उठून जायची. आज तिला वेगळंच दिसलं. तिला देऊळ दिसलं, मंडळीचं चर्च, गच्च भरलेलं. दुसऱ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला, मंडळीचे पंच म्हणून दादासाहेबांची ठरलेली जागा. समोर माईक, आणि माईकमागे ती. पंधरा मिनिटं. संदेश चालू असताना देवळात कुणी कुणाला मध्ये थांबवत नाही. "देईन की," ती म्हणाली. आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदाच तिला भूक लागली. इंदुताईंच्या हातचे दोन सामोसे तिनं खाल्ले, वर चटणी मागून घेतली.

हन्ना. लग्नानंतर अकरा वर्षं मूल नव्हतं तेव्हापासून हे नाव तिच्या मागे लागलेलं. राहुरीच्या सासरी, मग काळेवाडीच्या दोन खोल्यांत, जो येईल तो हन्नाची गोष्ट सांगून जायचा. वांझ म्हणून हिणवलेली हन्ना, देवळात ओठ हलवत रडणारी हन्ना, दारू प्यालीस का म्हणून म्हाताऱ्या एली याजकाची बोलणी खाणारी हन्ना. तिला मुलगा झाला आणि दूध तुटताच तिनं तो देवळात एलीच्या हवाली केला. अजिंक्य झाला तेव्हा सुवार्ता तेहतीस वर्षांची होती. तो सात वर्षांचा असताना नवरा काविळीनं गेला, मग ती आणि तो. आता रात्रंदिवस हन्ना वाचताना तिला एकच गोष्ट खुपायला लागली. एलीची स्वतःची पोरं हलकट होती. देवाला आणलेल्या मांसावर हात मारायची, देवळात येणाऱ्या बायका नासवायची, आणि गावभर हे ठाऊक होतं. हन्नाला ठाऊक नव्हतं? की ठाऊक असून तिनं आपलं पोर तिथं ठेवलं, कारण जागा देवाची होती? डिप्लोमा करून अजिंक्य वर्षभर घरी होता, तेव्हा नाताळच्या सलाम-भेटीला दादासाहेब आले होते. चाकणच्या कंपनीत प्लांट मॅनेजर, पांढरा कडक शर्ट, हातात केकचा डबा. तिनंच हात जोडले होते. "साहेब, तुमच्या हाताखाली घ्या त्याला." दादासाहेबांनी अजिंक्यच्या पाठीवर थाप मारली होती. "आपलाच पोरगा आहे, सिस्टर." तिनं स्वतः नेऊन दिला होता. सकाळी डबा भरला होता, निळ्या शर्टाला इस्त्री करून दिली होती, गेटवर जाऊन नुसतं ठेवून आली नाही एवढंच.

फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि ती एका बाळाला लस टोचत होती. हॉस्पिटलच्या दारात दादासाहेबच उभे होते. सगळ्यांत जास्त तेच रडले. पेटीला खांदा त्यांनी दिला, कबरीवर वचन त्यांनी वाचलं, आणि पहिली मूठ माती टाकताना त्यांचा तोल गेला तेव्हा तिनंच त्यांना सावरलं होतं. हे आठवलं की तिचे हात आजही भाजायचे. तीन आठवड्यांनी कंपनीचा अहवाल आला. केसपेपर वाचावा तसा तिनं तो उभ्यानं वाचला. प्रशिक्षणार्थी मेंटेनन्स कामगारानं अडकलेला भाग काढण्यासाठी सुरक्षायंत्रणा स्वतःच निकामी करून, परवानगी न घेता, मशीनमध्ये प्रवेश केला. स्वतःच्या हलगर्जीपणामुळे. खाली सही. ती सही तिला ओळखीची होती. बाप्तिस्म्याच्या वेळी अजिंक्यच्या दाखल्यावर साक्षीदार म्हणून तीच होती.

तेव्हापासून ती कुणाला काही बोलली नाही. दर रविवारी देवळाच्या पायरीवर दादासाहेब हात पुढे करायचे, "सलाम, सिस्टर," आणि ती हात हातात घेऊन "सलाम" म्हणायची. पण आतून तिची प्रार्थना बदलली होती. शत्रूंना शाप देणारी जी स्तोत्रं देवळात कधी वाचत नाहीत, ती तिला पाठ झाली. त्यांतल्या शत्रूच्या जागी ती नाव घालायची. दादासाहेबांचा एकुलता एक मुलगा रणजीत बेंगळुरूला होता. एका पहाटे तिनं त्याचंही नाव घातलं. लोखंडाखाली त्याला आण, म्हणाली. मागून झालं, आणि सवयीनं आमेनही म्हटलं. फेब्रुवारीत देवळात उपासनेनंतर साखर तपासायचं शिबिर होतं. दादासाहेब तिच्यासमोर खुर्चीत बसले आणि त्यांनी बोट पुढे केलं. तिनं त्यांचा पंजा हातात धरून उलटासुलटा केला. दहाच्या दहा बोटं, दोन्ही तळहात, दोन्ही मनगटं, सगळं जागच्या जागी. तिनं सुई लावली आणि लागेल त्याहून जास्त दाबली. "सिस्टर, आज हात जड आहे तुमचा," ते हसत म्हणाले. रक्ताचा टपोरा थेंब वर आला. तिनं कापूस द्यायला वेळ लावला.

संदेशाची तयारी करताना तिनं वही उघडली, वर हन्ना असं लिहिलं आणि खाली काहीच सुचेना. मागणं, मिळणं, देणं. ती नुसती पानं उलटत राहिली आणि शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटाशी एका बाईपाशी अडकली. रिस्पा. एवढी वर्षं संडे स्कूल शिकवलं, पण या बाईवर कुणी कधी धडा दिल्याचं तिला आठवेना. शौल राजानं पूर्वी गिबोनी लोकांची कत्तल केली होती. पुढे दुष्काळ पडला तेव्हा गिबोनी लोकांनी त्या पापापोटी राजवंशातले सात जण मागितले, आणि दावीद राजानं ते देऊन टाकले. त्यांत रिस्पाचे, शौलाच्या या उपपत्नीचे, दोन मुलगे. डोंगरावर सातही जणांना टांगलं आणि तिथंच सोडलं. मग ती बाई गोणताट, शोकात वापरायचं ते जाडंभरडं कापड, घेऊन गेली, खडकावर पसरलं आणि बसली. सातूच्या कापणीपासून पाऊस पडेपर्यंत. दिवसा पाखरं, रात्री जनावरं, कुणालाही तिनं मुलांना शिवू दिलं नाही. ती राजाकडे गेली नाही, ओरडली नाही. शेवटी ते राजाच्या कानावर गेलंच, आणि त्यालाच हाडं गोळा करून पुरावी लागली. सुवार्तानं ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बापाच्या पापापोटी पोरगा मागणारे ते गिबोनी. रणजीतचं नाव घेऊन ती तरी काय मागत होती? आपण रिस्पा आहोत असं वाटून ती वाचायला बसली होती आणि मधेच तिला आपला आवाज त्या मागणाऱ्यांच्या गर्दीत ऐकू आला होता. तिनं पुस्तक मिटलं. पोराचं मागणं तिनं तिथंच सोडलं. बापाचं सोडलं नाही. उलट आता ते नीट टोकदार झालं. पण बोलायचं तर पुरावा हवा, आणि तिला माहीत होतं तो कुणाकडे आहे.

धम्मपाल अजिंक्यच्याच पाळीत होता, परभणीकडचा, अजिंक्य त्याला दोनतीनदा घरी जेवायला घेऊन आला होता. नऊ महिने तो तिचे फोन उचलत नव्हता. शुक्रवारी दुपारी ती बसनं चाकणला गेली आणि पहिली पाळी सुटायच्या वेळी गेटसमोर चहाच्या टपरीपाशी उभी राहिली. निळ्या शर्टांचा लोंढा बाहेर आला. प्रत्येक शर्टात तिला क्षणभर तोच दिसला आणि क्षणभरानं दुसरा कुणीतरी निघाला. धम्मपालनं तिला पाहिलं, थबकला, मग आपणच जवळ आला. "मावशी, इथं नका थांबू. चला तिकडं." ट्रकांच्या सावलीत ते उभे राहिले. ती म्हणाली, "मला एवढंच सांग, सेन्सर कुणी बंद केला?" तो बुटाच्या टोकानं खडी ढकलू लागला.

"मावशी, खरं सांगू का? जंपर अजिंक्यनंच मारला व्हता."

जंपर म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. वायरचा एवढासा तुकडा. तो जोडला की मशीनला वाटतं समोर कुणी नाही.

"त्यानं?"

"त्यानंच. मेंटेनन्सला तोच व्हता ना. सेन्सरवर ऑइल उडायलं व्हतं, मशीन दर दहा मिंटाला उगंच थांबायलं व्हतं. माल निघंना. गोर्डे सायब सोता खाली आले. म्हन्ले, जंपर मार, नवा सेन्सर आला की काढू. आज्या म्हन्ला, सर, लेखी द्या. दोनदा म्हन्ला, मी शेजारीच व्हतो. तर सायबानं त्याच्या खांद्यावर हात टाकला. म्हन्ले, आपण एका देवळातली माणसं, अजिंक्य. देवळातल्या माणसाला लेखी मागतो का?" धम्मपालनं मागं गेटकडे पाहिलं. "मग त्यानं मारला. सोळा दिवस तसाच व्हता. सोळाव्या दिवशी पार्ट अडकला अन् हा वाकला."

"हे तू कुणापुढे सांगशील?"

त्यानं मान हलवली. नाही अशी. "मला कायम केलंय, मावशी, मागच्या महिन्यात." मग हळूच म्हणाला, "सायबानंच केलं."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती आणि मोशी, भोसरी, नाशिक फाटा कधी मागे पडलं तिला कळलं नाही. तिच्या मनात ठरलेल्या पंधरा मिनिटांना मधोमध तडा गेला होता. अहवाल खोटा आहे असं ती म्हणणार होती. अहवाल खोटा नव्हता, अर्धा होता. तो अर्धा तिच्या पोराच्या हातचा होता. तिला पहिल्यांदाच अजिंक्यचा राग आला, असा की तो समोर असता तर तिनं त्याच्या थोबाडीत मारली असती. मूर्खा, नाही म्हणायचं होतंस. काम सोडून घरी यायचं होतंस. मग तिला त्याचं नाही न म्हणणं आठवलं. शेजारच्यांची टाकी उचलून देणारा, कुणी काही सांगितलं की आधी हात पुढे करणारा, मोठ्यांसमोर खाली बघणारा. हे कुणी शिकवलं? तिनंच. मोठ्यांचं ऐकावं, मंडळीतल्या माणसांचा मान राखावा. तिनं त्याला असा घडवला होता की त्याच्या खांद्यावर हात ठेवणं पुरेसं होतं. दादासाहेबांना ते बरोबर ठाऊक होतं. पोरगं घडवलं तिनं आणि वापरलं त्यांनी. काळेवाडीत उतरेपर्यंत राग परत आपल्या जागी आला होता, आणि तो आता पूर्वीपेक्षा शांत होता.

रविवारी मातृदिनाची उपासना आणि प्रभुभोजन, भाकर वाटून घेण्याचा विधी, एकत्रच होतं. देऊळ भरलेलं, मुलांच्या हातात आयांना द्यायची गुलाबाची फुलं. सुवार्ता माईकपाशी गेली. दुसऱ्या रांगेत दादासाहेब, शेजारी इंदुताई. "हन्नावर बोलायला सांगितलं होतं," ती म्हणाली, "पण माझ्याकडे हन्नाबद्दल सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. मी रिस्पाबद्दल सांगते." मोनिका मॅडमनी चष्मा वर केला. तिनं गोष्ट सांगितली, साध्या शब्दांत, संडे स्कूलच्या मुलांना सांगावी तशी. टांगलेली सात माणसं, गोणताट, पाखरं. आता पुढचं वाक्य नावाचं होतं. तिनं तोंड उघडलं आणि तिच्या डोळ्यांसमोर वायरचा तो तुकडा आला, अजिंक्यच्या बोटांत धरलेला, आणि ते नाव तिला घेता येईना. समोर दादासाहेब मान किंचित तिरपी करून ऐकत होते, चांगला संदेश ऐकताना ऐकावं तसे. "रिस्पानं राजाला काही विचारलं नाही," ती कशीबशी म्हणाली. "ती फक्त उठली नाही. एवढाच धडा आहे." सात मिनिटंही झाली नव्हती. ती खाली येऊन मधल्या वाटेच्या कडेला आपल्या बाकावर बसली. मागून कुणीतरी आमेन म्हटलं. इंदुताई डोळे पुसत होत्या. तेवढंच. तिला स्वतःची किळस येत होती. नऊ महिने धार लावून शेवटी तिनं त्यांना रडायला एक छान गोष्ट दिली होती.

गीत झालं. पाळकसाहेबांनी भाकर मोडली, आणि पंच तबकं घेऊन खाली आले. तिच्या बाजूला दादासाहेब होते. बाकाच्या टोकाच्या माणसाच्या हातात ते तबक देत, ते हातोहात आतपर्यंत जाई आणि परत त्यांच्याकडे येई. ते तिच्या बाकापाशी आले. वाकले. तबक पुढे केलं. तिनं दोन्ही हातांनी ते घेतलं, आत भाकरीचे लहान लहान चौकोनी तुकडे होते, आणि तिनं ते मांडीवर ठेवलं.

शेजारच्या मुलीनं हात पुढे केला होता. सुवार्तानं तिच्याकडे पाहिलं नाही.

"सिस्टर," दादासाहेब कुजबुजले, "पुढे द्या."

तिनं तबकाच्या दोन्ही कडा धरल्या. धरताना तिला कळलं की हे आता कुणाला तिच्या हातून ओढून घेता येणार नाही. देवळात कुणी भाकरीचं तबक हिसकावत नाही. एका बाकावर अडलं की मागचे सगळे बाक अडतात. ऑर्गन वाजवणाऱ्यानं कडवं पुन्हा घेतलं, मग हात उचलले. पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. पाळकसाहेब वेदीपाशी उभे राहून इकडे बघत होते.

"वायर अजिंक्यनं बांधली, दादासाहेब," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा साधा निघाला. "मला माहीत आहे."

त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. सुटका. तिनं ती पाहिली आणि त्या क्षणी तिच्या मनात जी थोडीफार दया शिल्लक होती ती संपली.

"झालं गेलं, सिस्टर. देवानं त्याला क्षमा—"

"बांधायला कुणी सांगितली?"

दादासाहेबांनी मागे बघितलं. इंदुताई बाकावर वळून बसल्या होत्या. "हे इथं नको," ते म्हणाले. "उपासनेनंतर बसू. मी घरी येतो तुमच्या."

"त्यानं लेखी मागितलं तेव्हा तुम्ही देवळाचं नाव घेतलंत. मग देवळातच बोला."

त्यांचा हात तबकाकडे आला आणि अर्ध्या वाटेवर थांबला. तिनं काही केलं नाही. ती फक्त बसली होती. कपाळावरून घामाचा ओघळ त्यांच्या कानापाशी आला, तो पुसायला त्यांनी हात उचलला नाही. मागच्या एका बाकावर कुणाचं तरी मूल विचारत होतं की का थांबलंय, आणि आई त्याला गप्प करत होती. "सिस्टर, माझी नोकरी," ते इतक्या हळू म्हणाले की ते फक्त तिलाच ऐकू गेलं. "दोन वर्षं राहिलीत." तिनं तबकाकडे पाहिलं, तुकडे मोजायला बसल्यासारखं, आणि तिच्या लक्षात आलं की तिला अजिबात घाई नाही. संध्याकाळपर्यंत बसता येईल. उद्यापर्यंत बसता येईल. पाळकसाहेब वेदीवरून एक पायरी खाली उतरले, आणि तिथंच उभे राहिले.

"अहो," इंदुताईंचा आवाज आला, पातळ, अनोळखी. "काय विचारतात त्या? सांगा ना."

त्यांनी डोळे मिटले. खांदे आत गेले, पांढरा शर्ट एकदम सैल वाटू लागला. ओठ हलले, आधी नुसतेच.

"मी सांगितली होती."

सुवार्तानं तबक मांडीवरून हलवलं नाही. मान वर केली आणि त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"मोठ्यानं सांगा," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."